सैन्यदलांचे सर्वोच्च डॉक्टर: 'डीजीएएफएमएस' हे पद काय असते?

लष्करी रुग्णालयाच्या कागदांवर, एनडीए भरतीच्या वैद्यकीय सूचनांत किंवा निवृत्त सैनिकाच्या पेन्शनच्या पत्रव्यवहारात 'डीजीएएफएमएस' ही अक्षरे अनेक कुटुंबांनी पाहिलेली असतात. त्यांचा विस्तार डायरेक्टर जनरल, आर्म्ड फोर्सेस मेडिकल सर्व्हिसेस असा आहे. मराठीत सशस्त्र दल वैद्यकीय सेवांचे महासंचालक. भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्ही दलांतील डॉक्टरांमध्ये हे सर्वांत वरचे पद. त्यावर येणारा अधिकारी लेफ्टनंट जनरल, सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरल किंवा एअर मार्शल या हुद्द्याचा असतो आणि तो तिन्हींपैकी कोणत्याही दलातून येऊ शकतो.

हे डॉक्टर तुमच्या रुग्णाला तपासत नाहीत. तरीही सैनिकाला कोणते औषध मिळते, त्याला सियाचीनला पाठवण्याआधी किती दिवस थांबवतात, त्याचा आजार नोकरीमुळे झाला असे मानायचे की नाही, या प्रश्नांच्या उत्तरांवर त्यांच्या कार्यालयाचा ठसा असतो. म्हणूनच सैनिकांच्या आणि माजी सैनिकांच्या घरात या पदाची थोडी माहिती असलेली बरी.

नावांचा घोळ

अमेरिकेच्या बातम्यांमध्ये 'सर्जन जनरल' हा शब्द येतो आणि ते अमेरिकी सैन्याचे मुख्य डॉक्टर असावेत, असा समज होतो. तसे नाही. अमेरिकेचे सर्जन जनरल हे तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेतले पद आहे. गणवेश असतो, पण काम तंबाखू, लसीकरण, साथीचे आजार अशा नागरी विषयांचे. तिथे भूदल, नौदल आणि हवाई दलाचे सर्जन जनरल वेगवेगळे असतात.

आपल्याकडे रचना निराळी आहे. तिन्ही दलांचे आपापले वैद्यकीय महासंचालक आहेतच, पण त्या तिघांच्या वर एक सामाईक महासंचालक आहे. ते संरक्षण मंत्रालयाला जबाबदार असतात. आर्मी मेडिकल कोअरचे डॉक्टर, आर्मी डेंटल कोअरचे दंतवैद्य आणि मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या परिचारिका तिन्ही दलांत सेवा देतात. त्यामुळे मुंबईत कुलाब्याच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात भूदलातील जवानावर उपचार होतात आणि पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये हवाई दलाच्या कर्मचाऱ्यावर, यात काही विशेष नाही.

'सिव्हिल हॉस्पिटल' हे नाव कुठून आले?

थोडे विषयांतर, पण आपल्या जवळचे. महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाला लोक आजही 'सिव्हिल' म्हणतात. या शब्दामागे लष्करी इतिहास आहे. ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांत आपापल्या फौजांसाठी डॉक्टर नेमले होते. या तीन वैद्यकीय सेवा १८९६ मध्ये एकत्र करून इंडियन मेडिकल सर्व्हिस, म्हणजे आयएमएस, अशी एकच सेवा झाली. आयएमएसचे अधिकारी मुळात लष्करी. शांततेच्या काळात त्यांतील अनेकांना जिल्ह्यांत 'सिव्हिल सर्जन' म्हणून पाठवत आणि युद्ध सुरू झाले की परत बोलावत. लष्करी सर्जनपासून वेगळा तो सिव्हिल सर्जन. आजचे जिल्हा शल्यचिकित्सक हे त्याच पदाचे वारसदार.

मलेरियाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो, हे १८९७ मध्ये सिकंदराबादला शोधणारे रोनाल्ड रॉस हेही आयएमएसचेच अधिकारी. त्या शोधासाठी त्यांना १९०२ चे नोबेल मिळाले. सैन्याला डॉक्टर का हवा, याचे उत्तरही इथेच आहे. विसाव्या शतकापर्यंत बहुतेक युद्धांत गोळीपेक्षा जुलाब, कॉलरा, टायफॉइड आणि मलेरिया यांनी जास्त सैनिक मारले. १८५०च्या दशकातील क्रिमियन युद्धात ब्रिटिश सैन्याचे बहुसंख्य मृत्यू आजारांनी झाले होते.

मेसोपोटेमिया: वरिष्ठ डॉक्टर गप्प राहिले तेव्हा

या पदाचे महत्त्व समजून घ्यायला पहिल्या महायुद्धातील एक प्रकरण पुरेसे आहे, आणि त्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. १९१५ मध्ये आजच्या इराकमध्ये तैग्रिस नदीकाठाने बगदादकडे निघालेल्या फौजेचे नाव होते सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉन येथे मोठी लढाई झाली आणि हजारो सैनिक जखमी झाले. त्यांना नेण्यासाठी पुरेशा रुग्णवाहिका नव्हत्या, पुरेसे डॉक्टर नव्हते, रुग्णांसाठी वेगळ्या बोटीही नव्हत्या. मोडलेल्या हाडांच्या माणसांना स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांतून नदीपर्यंत आणले आणि तिथून उघड्या बोटींवर दाटीवाटीने झोपवून कित्येक दिवसांच्या प्रवासाला धाडले.

बसऱ्याला हॉस्पिटल जहाजावर असलेल्या आयएमएसच्या मेजर कार्टर यांनी अशी एक बोट येताना पाहिली. जखमी माणसे स्वतःच्याच मलमूत्रात पडलेली, अनेकांना आमांश झालेला, जखमांची पट्टी बदललेली नाही. कार्टर यांनी वरिष्ठांना हे लेखी कळवले. त्यावर त्यांना मदत मिळण्याऐवजी अटकेची आणि पदावरून काढण्याची धमकी मिळाली. त्या मोहिमेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी, सर्जन जनरल हॅथवे, यांच्याकडून वरती जाणारा अहवाल मात्र सगळे समाधानकारक असल्याचा होता.

उरलेली डिव्हिजन कुत येथे मागे आली आणि डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली. भाजीपाला संपला. घोड्याचे मांस खायला भारतीय सैनिक बराच काळ तयार नव्हते. त्यांच्यात स्कर्व्ही पसरला: हिरड्या सुजणे, रक्त येणे, जुन्या जखमा पुन्हा उघडणे. आज आपण त्याला क जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता म्हणतो. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले.

कार्टर यांनी सांगितलेले खरे ठरले. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेसोपोटेमिया आयोगाच्या अहवालाने वैद्यकीय व्यवस्था कोलमडल्याचे मान्य केले. मोहिमेच्या गरजा वेळेवर आणि ठामपणे न मांडल्याबद्दल हॅथवे यांना दोष दिला. भारतातील वैद्यकीय संचालकांवरही टीका झाली. या प्रकरणी भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

माझ्या मते सर्वोच्च लष्करी डॉक्टरचे खरे काम इथे स्पष्ट दिसते. तो सर्वांत निष्णात सर्जन असण्याची गरज नाही. सेनापतीला नको असलेली गोष्ट, म्हणजे 'इतक्या बोटी, इतकी औषधे आणि इतके डॉक्टर नसतील तर ही माणसे मरतील', ती लढाईच्या आधी सांगणे हे त्याचे काम. त्यासाठी त्याच्याकडे हुद्दा हवा आणि त्याचे म्हणणे सरकारपर्यंत पोहोचण्याची वाट हवी.

स्वातंत्र्यानंतर: तीन दले, एक सेवा

दुसऱ्या महायुद्धात, ३ एप्रिल १९४३ रोजी, लष्करी वैद्यकीय कामाचे वेगवेगळे तुकडे जोडून इंडियन आर्मी मेडिकल कोअर उभी राहिली. प्रजासत्ताक झाल्यावर तिच्या नावातील 'इंडियन' गळाले. लष्करी परिचर्येची मुळे त्याहून जुनी आहेत. २८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, तिथपासून भारतातील लष्करी रुग्णालयांत संघटित परिचर्या सुरू झाली.

१९४७ मध्ये सरकारने डॉ. बिधनचंद्र रॉय यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हे तेच डॉ. रॉय, ज्यांच्या नावाने १ जुलैला डॉक्टर्स डे साजरा होतो. तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवा एकत्र आणाव्यात आणि शिक्षण व संशोधनासाठी एक संस्था असावी, असे समितीने सुचवले. त्यातून १९४८ मध्ये एकत्रित सशस्त्र दल वैद्यकीय सेवा आणि तिच्या प्रमुखाचे पद आले. १ मे १९४८ रोजी पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे वानवडीचे एएफएमसी, स्थापन झाले. सुरुवातीला तिथे सेवेतील डॉक्टरांनाच प्रशिक्षण मिळे. बारावीनंतरचा एमबीबीएस अभ्यासक्रम १९६२ मध्ये सुरू झाला.

एकत्रीकरणाचा फायदा रुग्णाला कसा होतो? प्रत्येक दलाने स्वतंत्र हृदयशस्त्रक्रिया केंद्र किंवा कर्करोग विभाग उभारणे परवडणारे नाही. म्हणून विशेष सेवा काही ठिकाणी एकवटल्या आहेत आणि पुण्याच्या वाट्याला त्यांतील बऱ्याच आल्या. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून इथे आहे. हृदय व छातीच्या शस्त्रक्रियांची लष्करी संस्था इथे आहे. खडकीच्या लष्करी रुग्णालयात मणक्याच्या दुखापतीच्या रुग्णांची सोय आहे आणि कमरेखाली लुळे पडलेल्या सैनिकांसाठी तिथेच पुनर्वसन केंद्र आहे. सीमेवर पाय गमावलेला नाविक असो की जवान, तो अखेर याच व्यवस्थेत येतो. औषध व साहित्य खरेदी, तज्ज्ञांच्या नेमणुका, संशोधन आणि वैद्यकीय मानके यांची सूत्रे महासंचालकांच्या कार्यालयात असतात.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत हे कार्यालय सर्वसामान्यांनाही जाणवले. मे २०२१ मध्ये सेवेतून बाहेर पडलेल्या ४०० माजी लष्करी डॉक्टरांना ११ महिन्यांच्या करारावर परत घेण्यास मंजुरी मिळाली. मुदत संपत आलेल्या अल्पसेवा डॉक्टरांना वर्षअखेरपर्यंत थांबवल्याने आणखी २३८ जण हाताशी राहिले.

१ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरल आरती सरीन यांनी हे पद स्वीकारले. या पदावरील त्या पहिल्या महिला. शिक्षण एएफएमसीत, कर्करोगावरील किरणोपचाराचे प्रशिक्षण मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये, आणि सेवा तिन्ही दलांच्या गणवेशात. त्यांच्या आधी वाट करून देणाऱ्यांत पुनिता अरोरा, पद्मा बंदोपाध्याय आणि माधुरी कानिटकर ही नावे घ्यावी लागतात. बालमूत्रपिंडविकारतज्ज्ञ असलेल्या कानिटकर लेफ्टनंट जनरल पदावरून निवृत्त झाल्यावर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

उंचीवरचा आजार: सैनिकांकडून सर्वांना मिळालेले ज्ञान

१९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी मैदानी भागातील जवानांना घाईने लडाखमध्ये उतरवले गेले. शत्रूची गोळी न लागताही तरुण, धडधाकट माणसे धाप लागून कोसळू लागली. फुप्फुसांत पाणी साचत होते. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी १,९२५ सैनिकांच्या निरीक्षणांवर आधारित अभ्यास १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केला. या विषयात तो आजही पायाभूत मानला जातो.

या अनुभवातून लष्कराचे उंचीशी जुळवून घेण्याचे वेळापत्रक ठरले. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, पुढे १५,००० फुटांपर्यंत चार दिवस, त्याहून वर आणखी चार दिवस. पहिले दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू चालणे. कितीही कणखर जवान असला तरी त्यातून सुटका नाही. सुट्टीवर घरी येऊन गेलेल्या सैनिकालाही परतल्यावर पुन्हा थांबवतात, कारण आधी सवय झालेली असली तरी परतताना आजार होऊ शकतो. मुलगा सुट्टी संपवून लेहला गेला आणि 'अजून वर पाठवले नाही' म्हणाला, तर घरच्यांनी काळजी करू नये. ते योग्यच आहे.

लेह सुमारे ११,५०० फुटांवर आहे. मुंबई किंवा पुण्याहून विमानाने जाऊन दुसऱ्याच दिवशी खारदुंगला गाठणाऱ्या पर्यटकांनी हे वेळापत्रक एकदा वाचावे. पहिले दोन दिवस तरी विश्रांती घ्या. डोकेदुखी व मळमळ असेल तर आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागणे, छातीत घरघर, गुलाबी फेसासारखी थुंकी, तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी लगेच खाली उतरणे आणि ऑक्सिजन हाच मुख्य उपचार. सकाळची वाट पाहू नका.

'शेप' आणि लपवलेला रक्तदाब

लष्करी डॉक्टरवर दुहेरी जबाबदारी असते. समोरच्या रुग्णाचे भले पाहायचे आणि हा माणूस त्या कामासाठी तंदुरुस्त आहे का, हे दलाला सांगायचे. त्यासाठी भूदलात 'शेप' नावाची पद्धत आहे. एस म्हणजे मानसिक स्थिती, एच म्हणजे श्रवण, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे शारीरिक क्षमता, ई म्हणजे दृष्टी. प्रत्येकाला १ ते ५ अशी श्रेणी. सगळीकडे १ असेल तो 'शेप-वन', पूर्ण तंदुरुस्त. श्रेणी खाली आली की नेमणुकीवर, कधी बढतीवरही परिणाम होऊ शकतो.

याचा एक तोटा आम्ही नागरी डॉक्टर नेहमी पाहतो. सुट्टीवर आलेला जवान खासगी दवाखान्यात येतो, रक्तदाब किंवा साखर वाढलेली निघते आणि तो म्हणतो, 'युनिटला कळू देऊ नका, गोळ्या इथूनच द्या.' त्याची भीती खोटी नाही. पण परिणाम दोन प्रकारे वाईट होतात. एक, उंचीवर किंवा कडक कवायतीत असा आजार जिवावर बेतू शकतो आणि तिथल्या डॉक्टरला काहीच माहीत नसते. दुसरे, आजार सेवेत असताना सुरू झाल्याची नोंदच राहत नाही. पुढे अपंगत्व पेन्शनचा प्रश्न आला की हीच नोंद लागते. उदासी, झोप उडणे, आत्महत्येचे विचार यांबाबत तर लपवाछपवी मुळीच नको.

सुट्टीत अचानक आजार किंवा अपघात झाला तर आधी जवळच्या रुग्णालयात उपचार घ्या, पण युनिटला आणि जवळच्या लष्करी रुग्णालयाला शक्य तितक्या लवकर कळवा. डिस्चार्ज कार्ड, तपासण्या, बिले यांच्या प्रती जपून ठेवा.

मेडिकल बोर्ड आणि पेन्शन

खालच्या वैद्यकीय श्रेणीत निवृत्त होणाऱ्या सैनिकाचे 'रिलीज मेडिकल बोर्ड' होते. आजारामुळे सेवाच सोडावी लागली तर 'इन्व्हॅलिडिंग बोर्ड'. बोर्ड दोन गोष्टी ठरवते: अपंगत्व किती टक्के, आणि तो आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे वाढला का. अपंगत्वाच्या लाभासाठी साधारणपणे किमान २० टक्के लागतात. हे ठरवताना डॉक्टर ज्या पुस्तिकेचा आधार घेतात, ती 'गाइड टू मेडिकल ऑफिसर्स' महासंचालकांच्या कार्यालयाचीच. त्यामुळे दिल्लीतल्या त्या पुस्तिकेतील एक परिच्छेद बदलला की साताऱ्यातल्या एखाद्या माजी सुभेदाराच्या पेन्शनमध्ये फरक पडू शकतो.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिट्सचा आजार असलेल्या एका सैनिकाच्या खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर नंतर झालेला आजार सेवेशी संबंधित मानावा आणि तसे नसल्यास बोर्डाने कारण द्यावे, असा त्याचा आशय. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने नवे नियम आणि नवी पुस्तिका आणली. नियम कडक झाले म्हणून माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यावर बरीच टीका केली. तुमच्या रुग्णाला कोणते नियम लागू होतात, हे निवृत्तीच्या तारखेवर अवलंबून आहे. म्हणून शेजाऱ्याला मिळालेल्या निकालावरून अंदाज बांधू नका. बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागा, त्यातील कारणे वाचा. निर्णय पटला नाही तर आधी विभागीय अपील आणि नंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे खंडपीठ मुंबईतही आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात या कागदांसाठी मदत मिळते.

माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेची तक्रार मात्र डीजीएएफएमएसकडे पाठवून उपयोग नाही. १ एप्रिल २००३ पासून सुरू असलेली ही योजना माजी सैनिक कल्याण विभागाखाली येते. बिल अडकले, रेफरल मिळाले नाही, तर आधी आपले पॉलिक्लिनिक आणि मग विभागीय केंद्र.

भरतीत 'अनफिट' ठरलेल्या मुलांसाठी

एनडीए किंवा सीडीएसमधून अधिकारी होऊ पाहणाऱ्या उमेदवाराची आधी विशेष वैद्यकीय तपासणी होते. तीत अपात्र ठरल्यास अपील मेडिकल बोर्ड आणि तिथेही नकार आल्यास रिव्ह्यू मेडिकल बोर्ड. हे शेवटचे बोर्ड हक्क म्हणून मिळत नाही. ते द्यायचे की नाही, हा निर्णय डीजीएएफएमएस गुणवत्तेवर घेतात. मिळाल्यास तपासणी दिल्लीच्या आर अँड आर रुग्णालयात किंवा पुण्यात होते. अग्निवीर भरतीची पद्धत वेगळी आहे. तिथे पुनर्तपासणी ठरवून दिलेल्या लष्करी रुग्णालयात होते.

अपात्र ठरवणारी कारणे दोन प्रकारची असतात. कानातील मळ, व्हेरिकोसील, हायड्रोसील, नाकाचा वाकडा पडदा यांवर उपचार होतात आणि शस्त्रक्रियेनंतर जखम पुरेशी भरली की उमेदवार पुन्हा उभा राहू शकतो. रंगांधत्वावर मात्र उपाय नाही. 'आम्ही ते बरे करून देतो' म्हणणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. तपासणीच्या दिवशी कारण लेखी मागून घ्या, त्यावरील अपिलाची मुदत तिथल्या तिथे वाचा, आणि मुदत संपण्याआधी संबंधित तज्ज्ञाला मूळ कागद दाखवा.